जुनी टपाल तिकिटे कशी ओळखावीत?

उन्हाळा लागला की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टी हटकून होतात. संध्याकाळी व्याख्यानांना जाणारी मंडळी घराबाहेर पडतात आणि सकाळी घरोघर माळे साफ होतात. माळ्यावरून एखादी पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात पणजोबांच्या वेळचे मोडी कागद, सोयरिकीची पत्रे, पावत्यांची भेंडोळी आणि कोणीतरी बालपणी हौसेने जमवलेली टपाल तिकिटे असतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'याचे काही येईल का?' आम्हाला हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले. ते उत्तर थोडक्यात असे : 'किती येईल' हा शेवटचा प्रश्न आहे. 'हे काय आहे' हा पहिला. पहिला सोडवल्यावाचून जो दुसऱ्याकडे धावतो, तो एकतर फसतो, नाहीतर हातातली मोलाची वस्तू आपल्याच कात्रीने बिघडवतो.

'तिकीट ओळखणे' म्हणजे त्यावरचे चित्र ओळखणे असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. एकाच चित्राची, एकाच रंगाची, एकाच किमतीची दोन तिकिटे शेजारी ठेवली तर ती सख्ख्या जुळ्या भावांसारखी दिसतात. पण एक लंडनला छापलेले असते आणि दुसरे नाशिकला. या भेदांना संग्राहक 'प्रकार' म्हणतात. ते ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. एक भिंग, एक चिमटा, एक पट्टी आणि पुष्कळसा धीर एवढे साहित्य पुरते. प्रश्न मात्र योग्य क्रमाने विचारले पाहिजेत.

कोणाचे तिकीट?

पहिला प्रश्न : तिकीट काढले कोणी, आणि कशासाठी? येथे आमच्या गावकऱ्यांची थोडी निराशा होणार आहे. 'कोल्हापूर संस्थानचे दुर्मिळ टपाल तिकीट' म्हणून जे कागद दाखवले जातात, ते टपालाचे नसतात. ज्या संस्थानांनी स्वतःची टपाल तिकिटे काढली त्यांची यादी जगभरच्या संग्राहकांनी बारकाईने तयार केली आहे, आणि तिच्यात कोल्हापूर नाही. येथून जाणारी व येथे येणारी पत्रे ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवरच चालत. संस्थानने काढली ती कोर्ट फीची व महसुली तिकिटे. अर्जावर, दस्तावर, पावतीवर लागणारी ही तिकिटे दिसायला तशीच देखणी. म्हणून घोटाळा होतो.

आमच्या शेजारच्या मुलखात मात्र खरे उदाहरण आहे. अष्टप्रधानांतील पंत सचिवांचे भोर संस्थान तसे लहान. पण त्याने १८७९ साली अर्धा आणा व एक आणा अशी दोन टपाल तिकिटे काढली. ती यंत्रावर छापलेली नव्हती. तांबड्या शाईत ठसा बुडवून तो हाताने कागदावर उमटवलेला होता. ना कडेला दाते, ना मागे डिंक. पुढे १९०१ मध्ये पंत सचिव शंकररावांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. होळकरांच्या इंदूरची आणि पवारांच्या धारचीही तिकिटे होती. अशा संस्थानांची तिकिटे त्यांच्या हद्दीपुरतीच चालत. बाहेरगावी त्यांना कोणी विचारत नसे.

शिंद्यांच्या ग्वाल्हेरची गोष्ट वेगळी. त्या संस्थानचा ब्रिटिश टपालखात्याशी करार होता. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर रोमन व देवनागरी अक्षरांत ग्वाल्हेरचे नाव वरून छापले जाई, आणि ती तिकिटे देशभर चालत. कोल्हापुरातल्या एखाद्या घरात ग्वाल्हेरच्या सोयऱ्यांचे पत्र निघाले तर हे नाव अवश्य पाहावे. देवनागरी ओळ पट्टीने मोजावी. तेरा ते चौदा मिलिमीटरची एक आणि पंधरा ते साडेपंधरा मिलिमीटरची दुसरी असे भेद सुरुवातीच्या छपाईत आहेत. एखाद्या वेळी रोमन नावात 'ओ' च्या जागी 'सी' हे अक्षर पडलेले दिसते. ही खिळे जुळवणाऱ्या कामगाराची चूक. पण तीच आज संग्राहकाचा आनंद झाली आहे.

काय लिहिले आहे?

दुसरा प्रश्न डोळ्यांनीच सुटतो. तिकिटावरची अक्षरे वाचावीत. राणी व्हिक्टोरियाचे मुखवटे सगळे सारखेच, असे म्हणून जो पुढे जातो त्याने अर्धी माहिती सोडून दिलेली असते. १८५४ च्या पहिल्या अखिल हिंदुस्थानी तिकिटांवर देशाचे नाव नुसते 'इंडिया' आहे. १८५५ पासून लंडनच्या डे ला रू कंपनीने तिकिटे छापायला घेतली, तेव्हा 'ईस्ट इंडिया पोस्टेज' अशी अक्षरे आली. गंमत अशी की कंपनी सरकार १८५८ मध्ये गेले, तरी तिकिटांवरची 'ईस्ट इंडिया' मात्र पुढे चोवीस वर्षे राहिली. १८८२ च्या मालिकेत ती जाऊन 'इंडिया पोस्टेज' झाले. तेव्हा या तीन लेखनांवरून कोणीही शाळकरी मुलगा व्हिक्टोरियाचे तिकीट कोणत्या काळातले ते सांगू शकेल.

यापुढचा टप्पा आमच्या व्यापारी बंधूंच्या कामाचा आहे. १९०२ पासून सातव्या एडवर्डची तिकिटे निघाली. त्यांवर 'पोस्टेज' एवढेच होते. १९०६ साली अर्ध्या आण्याच्या व एका आण्याच्या तिकिटांवर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असे लिहिले जाऊ लागले. म्हणजे तेच तिकीट पत्रालाही चाले आणि पावतीलाही. म्हणून जुन्या पेढीच्या दफ्तरात असे एक आण्याचे तिकीट आडव्या सहीने रद्द केलेले निघाले, तर ते टपालातून गेलेले नाही, पैसे पोचल्याची ती खूण आहे. त्याला 'टपालात वापरलेले' म्हणून विकणारा लबाड तरी असतो किंवा अजाण तरी.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. १८६६ मध्ये सहा आण्यांच्या टपाल तिकिटांचा तुटवडा पडला, तेव्हा हुंड्यांसाठी असलेल्या महसुली तिकिटांचा वरचा व खालचा भाग कापून मधल्या तुकड्यावर हिरव्या शाईने 'पोस्टेज' छापले गेले. वर-खाली कापलेले म्हणून एखाद्याने ते फाटके समजून टाकून दिले असते! असे तिकीट पाहिले की आमच्या मनात येते : तुटक्या वस्तूला फेकण्यापूर्वी ती कोणी आणि का तोडली, हे विचारावे.

अक्षरांचा आणखी एक सोपा धडा पाचव्या जॉर्जच्या दीड आण्याच्या तांबूस तपकिरी तिकिटात आहे. १९१९ च्या तिकिटावर इंग्रजीत 'दीड आणा' हे एकवचनी लिहिलेले आहे. १९२१ मध्ये त्या शब्दाला एक 'एस' लागला आणि तो अनेकवचनी झाला. व्याकरणाचा वाद सरकारने एका अक्षराने मिटवला. या तिकिटांना भिंगसुद्धा लागत नाही.

कसे छापले?

तिसरा प्रश्न छपाईचा. आमच्या जुन्या छापखान्यांत शिळाछाप आणि खिळाछाप हे शब्द रुळलेले होते, आणि तिकिटांना तेच शब्द लागू पडतात. शिळाछापात दगडाच्या सपाट पाठीवरून शाई कागदावर येते. म्हणून तिकीट हाताला सपाट लागते आणि रेषा थोड्या मऊ दिसतात. खिळाछापात उठावाचा ठसा कागदावर दाबला जातो. त्यामुळे भिंगातून पाहिले तर रेषेच्या कडेला शाई दाटलेली दिसते आणि कधी कधी तिकिटाच्या पाठीवर दाब जाणवतो. कोरीव पत्र्यावरून छापलेल्या तिकिटाची शाई बोटाला किंचित उंच लागते. फोटोग्रॅव्हुअर पद्धतीत मात्र भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. एकदा हे चार प्रकार बोटांना आणि डोळ्यांना ओळखीचे झाले की पुष्कळशी नकली तिकिटे आपोआप उघडी पडतात. कारण नकल करणारा चित्र सहीसही उचलतो, पण छपाईची पद्धत बहुधा स्वतःच्या सोयीची वापरतो.

हिंदुस्थानात टपाल तिकिटाचा पहिला प्रयोग सिंध प्रांतात झाला. १ जुलै १८५२ रोजी तेथील कमिशनर बार्टल फ्रियर यांनी अर्ध्या आण्याची 'सिंध डाक' तिकिटे सुरू केली. लाल, पांढरी व निळी अशी ती वर्तुळाकार तिकिटे होती. लाल तिकीट लाखेसारखे ठिसूळ असल्याने फुटून जाई. म्हणून ते फारच थोडे उरले. नकला मात्र तिन्हींच्या भरपूर आहेत. पेटीत 'सिंध डाक' निघाली तर आनंद करण्यापूर्वी शंका घ्यावी, एवढेच सांगतो.

त्यानंतर कलकत्त्यात कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली पहिली अखिल हिंदुस्थानी तिकिटे तयार झाली. अर्धा आणा, एक आणा व चार आणे ही शिळाछापाची. दोन आण्याचे हिरवे तिकीट तेवढे खिळाछापाचे. १ ऑक्टोबर १८५४ पासून ती देशभर चालू लागली आणि चार आण्याचे तिकीट त्याच महिन्यात मागून आले. अर्ध्या आण्याच्या तिकिटाची कथा ओळखीच्या शास्त्राला फार उपयोगी आहे. ते आधी शेंदरी रंगात छापले जात होते. विलायतेहून आलेला शेंदूर संपला आणि देशी शेंदूर वापरला, तर त्याने दगडावरचे चित्रच बिघडू लागले. मग रंग बदलून निळा केला आणि चित्रही नवे काढले. त्या शेंदरी तिकिटाच्या कडेच्या पट्टीत साडेनऊ कमानी आहेत. पुढे चालू झालेल्या निळ्यात आठ. भिंग घ्यावे आणि वाड्याच्या सोप्यातल्या कमानी मोजाव्यात तशा मोजाव्यात! रंग फसवील, पण मोजणी फसवणार नाही.

एका आण्याच्या तांबड्या तिकिटाचे तीन ठसे झाले. दुसऱ्या ठशात राणीच्या अंबाड्यात पहिल्यापेक्षा अधिक रेषा आहेत आणि अंबाडा डोक्याला मिळतो तेथे एक वाकडी पांढरी रेघ आहे. तिसऱ्या ठशात गळ्याखालचा भाग टोकदार आहे. हे वाचून कोणाला वाटेल की आता काही अवघड राहिले नाही. परंतु दगड झिजतो. दुसऱ्या ठशाच्या झिजलेल्या छपाईत अंबाड्याच्या रेषा बुजतात आणि तो जवळजवळ पहिल्यासारखा दिसू लागतो. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. न्यायाधीश जसा एका साक्षीदारावर फाशी देत नाही, तसे संग्राहकानेही दोन-तीन खुणा जुळल्यावाचून नाव ठेवू नये.

चार आण्याचे तिकीट दोन रंगांत असल्यामुळे प्रत्येक कागद दोनदा छापावा लागे : चौकट तांबडी, मुखवटा निळा. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे गेले आणि राणी डोक्यावर उभी राहिली. जगातल्या प्रसिद्ध चुकांत या तिकिटाची गणना होते. पण उलटे डोके दिसले की लक्षात ठेवावे : अशा प्रसिद्ध चुकीची नकल सर्वांत आधी होते.

कागदात काय दडले आहे?

चौथा प्रश्न कागदाचा. आणि येथेच जुळ्या भावांची खरी पारख होते. चांगल्या कागदात बनवतानाच एक खूण घातलेली असते. तिला जलचिन्ह म्हणतात, बोलताना सर्रास वॉटरमार्क. १८५४ च्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे राजचिन्ह पूर्ण ताव व्यापून होते. म्हणून एकेका तिकिटात त्याचा तुकडा येई किंवा काहीच येत नसे. डे ला रूच्या पहिल्या दशकातल्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटाच्या कागदात चिन्ह नाही. १८६५ पासून त्याच चित्राच्या तिकिटात हत्तीचे मस्तक आले. १८८२ पासून तारा आला. चेहरा पाहून ज्या निळ्या तिकिटांत काही फरक दिसत नाही, त्यांत पाठीमागून पाहिले की हत्ती उभा असतो!

पाचव्या जॉर्जच्या तिकिटांत हा भेद आमच्या प्रांताशी जोडलेला आहे. १९११ पासूनची लंडनची तिकिटे प्रत्येकी एकाच ताऱ्याची. पुढे नाशिकला सरकारी छापखाना निघाला आणि १९२६ पासून तेथे तिकिटे छापली जाऊ लागली. त्यांच्या कागदात लहान लहान तारे सर्वत्र विखुरलेले आहेत. एक तारा असेल तर तिकीट समुद्र ओलांडून आले. पुष्कळ तारे असतील तर ते नाशिकहून आले. आमच्या मते महाराष्ट्रातल्या मुलाला हा छंद शिकवायचा तर आरंभ येथूनच करावा.

याहून स्वस्त आणि जवळचे उदाहरण हवे असेल तर १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हाची नकाशाची तिकिटे घ्या. भारताचा नकाशा असलेली ही तिकिटे कितीतरी घरांत सापडतात. पहिल्या छपाईच्या कागदात तारे आहेत. १९५८ पासून त्याच चित्राच्या तिकिटांत अशोकस्तंभाचे शीर्ष आले. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षे होऊन गेली तरी जुन्या अमलातला तारा कागदाच्या पोटात चमकत होता. इतिहासाच्या पुस्तकात राजवट एका तारखेला बदलते. कागदात ती सावकाश बदलते.

जलचिन्ह पाहण्याची रीत सोपी आहे. आधी तिकीट उजेडासमोर धरावे. दिसले नाही तर काळ्या बशीत पालथे ठेवून त्यावर स्वच्छ बेन्झिनचे दोन थेंब टाकावेत. चिन्ह गडद उमटते आणि बेन्झिन उडून जाते. मात्र जवळ दिवा किंवा उदबत्ती असता कामा नये, आणि आधी एखाद्या फालतू तिकिटावर प्रयोग करावा. कारण काही शाया, विशेषतः फोटोग्रॅव्हुअरच्या, बेन्झिनने विरघळतात.

कागदाबरोबर कडाही पाहाव्यात. १८५४ च्या तिकिटांना दाते नाहीत. ती कात्रीने कापीत. पुढच्या तिकिटांचे दाते मोजण्याची जगभरची रीत अशी की दोन सेंटिमीटर अंतरात किती छिद्रे बसतात तो आकडा सांगायचा. डे ला रूच्या हिंदुस्थानी तिकिटांचा आकडा सर्वसाधारणपणे १४ आहे. दाते कापून टाकलेले तिकीट 'बिनदात्याची चूक' म्हणून विकणारे असतात. त्यांना एकच उत्तर द्यावे : जोडी दाखवा. दोन तिकिटे एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये दाते नाहीत, असे असेल तरच खरे मानावे.

रंग, वरछाप आणि शिक्का

रंगावर आम्ही सर्वांत शेवटी बोलत आहोत, कारण नवखा माणूस सर्वांत आधी त्यावर विश्वास ठेवतो. आम्हीही ठेवला होता. लहानपणी एका हिरव्या तिकिटाची पिवळसर छटा सापडली म्हणून आम्ही आठवडाभर हवेत होतो. एका वडीलधाऱ्या संग्राहकांनी ते हाती घेतले, हसले आणि म्हणाले, "बाळ, हे खिडकीत किती दिवस होते?" आमची दुर्मिळ छटा उन्हाने केली होती.

वरछापाच्या बाबतीत तर अधिक जपावे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापली होती. गव्हर्नर जनरलांच्या वापरासाठी त्यांच्यावर 'सर्व्हिस' असे छापून घेण्यात आले आणि दहा रुपयांची अशी तिकिटे अवघी शंभर होती. तिकीट खरे आणि वरची अक्षरे खोटी, असा प्रकार तेव्हापासून आजवर चालू आहे. आंगठी सोन्याची असली तरी खडा तपासावाच लागतो.

सरकारही कधी चुकते. १५ ऑगस्ट १९४९ च्या मालिकेत एका आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. छायाचित्र उलटे बसल्याने मूर्ती आरशात दिसावी तशी छापली गेली. १९५० मध्ये ती सुलट करून नवे तिकीट काढले. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली की दोन मूर्ती समोरासमोर बसल्यासारख्या दिसतात.

शेवटचा साक्षीदार म्हणजे टपालाचा शिक्का. तिकीट जन्माला येण्यापूर्वी त्यावर शिक्का पडू शकत नाही. अनेकवचनी दीड आण्यावर १९१९ ची तारीख दिसली, तर आकडा वाचण्यात चूक आहे किंवा शिक्का खोटा आहे. शिवाय गावाचे नाव असते. 'कोल्हापूर' असा स्वच्छ शिक्का असलेले साधे तिकीट बाजारात मोलाचे नसेल. पण आमच्या गावच्या टपालाचा इतिहास ज्याला लिहायचा आहे, त्याला ते सोन्यासारखे आहे. तो इतिहास तिकिटात अर्धा आणि पाकिटावर अर्धा असतो : कोठून निघाले, केव्हा पोचले, कोणाच्या नावे.

कात्री दूर ठेवा

म्हणून एक विनंती करून हा लेख संपवतो. आमच्या पिढीने एक अपराध केला आहे. पाकिटावरून तिकीट कापायचे, पाण्यात भिजवायचे, वहीत चिकटवायचे आणि पाकीट बंबात घालायचे, ही आमची संग्रहाची व्याख्या होती. आजोबांना आलेली कितीतरी पत्रे आम्ही स्वतःच्या हातांनी अशी मुकी केली. वहीत तिकिटे राहिली. ती कोणी कोणाला पाठवली हे कायमचे गेले.

कोर्ट फीच्या तिकिटांचे तर याहून वाईट होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ती तिकिटे निरुपयोगी झाली असे घरोघर समजले गेले. पण ज्या मोडी दस्तावर ते तिकीट चिकटलेले आहे, तो दस्त जमिनीचा असेल, वाटणीचा असेल, दत्तकाचा असेल. त्यावरचे तिकीट त्या कागदाच्या काळाचा व खरेपणाचा साक्षीदार आहे. शंभर रुपयांच्या मोहाने ते कापून देणारा माणूस आपल्याच घराचा पुरावा चौकोनी भोक पाडून बाजारात मांडतो. मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडे जावे. आधी कागद वाचवावा; तिकीट कोठे पळून जात नाही.

तेव्हा यंदा माळा साफ करताना पेटी निघाली, तर पुढचा क्रम ठेवावा. तिकीट कोणाचे, टपालाचे की महसुलाचे, त्यावर काय लिहिले आहे, कसे छापले आहे, कागदात काय आहे, कडा कशा आहेत, शिक्का काय सांगतो; आणि या सर्वांनंतर, वाटलेच तर, किंमत. शंभरातल्या नव्याण्णव तिकिटांची किंमत फारशी येणार नाही, हे आम्ही आत्ताच सांगून ठेवतो. पण त्या नव्याण्णवांतूनही पणजोबांना पत्र कोठून येई, पेढीचा व्यवहार कोणाशी होता, ग्वाल्हेरच्या आत्याची खुशाली कोणत्या महिन्यात पोचली, हे कळले, तर पेटी उघडल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.